केसांखालचे वजन

१२ नोव्हेंबर

धाकटीस,

एक साधे कोडे घालतो. ते दर हिवाळ्यात तुझ्याही डोळ्यांसमोरून जात असणार; पण पाहणे आणि निरीक्षण करणे यांतला फरक तुला कधी पटला नाही. थंडी सुरू झाली की गल्लीतले भटके कुत्रे एकाएकी गुबगुबीत दिसू लागते. त्याला कोणी जास्त खायला घालत नाही. उलट लोक दारे लावून बसतात, म्हणजे उष्टेही कमीच मिळते. मग ते जाड होते कसे?

उत्तर असे की ते जाड होतच नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म स्नायू असतो. गारठा लागला की तो आखडतो, केस उभा राहतो आणि हजारो उभ्या केसांच्या मधे हवा अडकते. अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे आपण ज्याला चरबी समजतो ती बहुतांशी हवा असते. कुरणात राहणाऱ्या घोड्याचेही तसेच. सकाळी त्याच्या पाठीवर गोठलेले दव पांढरे तसेच दिसते, वितळत नाही. कारण आतली ऊब तिथवर पोचतच नाही. किती सुंदर योजना आहे ही. एकतीस वर्षे मी मुलांना हे शिकवले आणि दर वर्षी शिकवताना मला नव्याने आनंद झाला.

आता मुद्द्यावर येतो. आपला गवतवाला काल गठ्ठे उतरवताना म्हणाला, "ताईंचे चारही घोडे कसे ढोलासारखे झालेत, मास्तर. तुमचे जरा..."

"जरा काय?"

"जरा शिस्तीतले दिसतात."

त्याच्या त्या ढोलासारख्या घोड्यांचा अर्थ मी वर सांगितला आहे. तू हवेला चरबी समजून निर्धास्त बसली आहेस. बाबा गेल्यावर सात घोडे वाटले गेले. नदीकाठचे सखल कुरण तू घेतलेस म्हणून चार तुझ्याकडे आले, टेकडीचा उतार माझा म्हणून तीन माझ्याकडे. हळदी घोडी माझ्या चिठ्ठीत निघाली. चिठ्ठी तू स्वतः उघडली होतीस. हळदीचा जन्म तुझ्या मांडीवर झाला हे त्या दिवशी तू तीन वेळा सांगितलेस. जन्म कोणाच्या मांडीवर झाला यावरून मालकी ठरत नाही. मग म्हणालीस, "घे घोडी. मला शिकवू मात्र नकोस." पहिली गोष्ट मी केली. दुसरी मला जमणारी नाही, आणि तुझ्या चार मुक्या जनावरांसाठी ती जमवण्याची माझी इच्छाही नाही.

सोबत एक मोजफीत पाठवत आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागून, पाठीच्या उंचवट्यावरून ती अंगाभोवती गुंडाळायची. एका बाजूला सेंटिमीटर आहेत, दुसऱ्या बाजूला थेट किलो. आवळायची नाही, नुसती टेकवायची. दर रविवारी आकडा लिहून ठेव. नजर फसते, आकडा फसत नाही.

तुझा थोरला भाऊ

२४ नोव्हेंबर

धाकटीस,

माझ्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने उत्तर लिहून तेच पत्र परत पाठवण्याची तुझी पद्धत मला अपमानास्पद वाटते, आणि ती त्यासाठीच असावी. उत्तर असे: "फीत मिळाली. फाटकाची कडी तुटली होती. आता दार घट्ट बसतं."

शास्त्रीय उपकरणाने तू फाटक बांधलेस. ठीक आहे. निदान ते तरी मोजून बांधले असशील.

आता दुसरा धडा. थंडी वाढली की अडाणी माणूस घोड्याला मूठभर धान्य वाढवतो, कारण त्याला धान्य म्हणजे ताकद वाटते. पण घोड्याची शेगडी धान्यावर चालत नाही, गवतावर चालते. त्याच्या पोटाच्या मागच्या भागात एक प्रचंड पिशवी असते. तिथे अब्जावधी सूक्ष्म जीव गवताचा चिवट धागा फोडत असतात, आणि ते फोडताना उष्णता निघते. सावकाश, तासन्तास. धान्य कागदासारखे भुर्रकन जळते. वाळलेले गवत ओंडक्यासारखे धुमसते. म्हणून गारठ्यात वाढवायचे ते गवत, आणि त्यासोबत पाणी. पाणी बर्फागत असले की घोडा कमी पितो, आणि कोरडे गवत आतड्यात दगड होऊन बसते. मी तिन्ही घोड्यांना कोमट पाणी देतो. तू काय देतेस ते मला ठाऊक नाही, विचारूनही कळणार नाही.

तुझ्या गवत घालण्याच्या रीतीबद्दल मात्र कळले आहे. गवतवाल्याला विचारले, "ताजवा आहे का तिच्याकडे?"

"ताई मिठी मारून उचलतात गठ्ठा. लागेल तेवढं सोडतात."

"किती ढीग करते?"

"पाच."

"घोडे तर चार आहेत."

"तेच मी म्हणालो, मास्तर. तर म्हणाल्या, मला मोजता येतं, तू गाडी मागे घे."

चार घोडे आणि पाच ढीग. गणितात तू लहानपणापासून कच्ची होतीस, हे बाबांनाही मान्य होते. तुलनेसाठी माझी व्यवस्था सांगतो. हेडमास्तर, टोपी आणि हळदी. तीन घोडे, तीन ढीग, सकाळ-संध्याकाळ मिळून प्रत्येकी आठ किलो, ताजव्यावर तोलून. दर रविवारी फीत. भिंतीवर आलेखाचा कागद लावला आहे. हळदीची रेघ नोव्हेंबरच्या आरंभी चारशे दहावर होती, आज चारशे बारावर आहे. बावीस वर्षांची घोडी ऐन थंडीत वजन राखते आहे. हा कागद तुला पाहायला मिळाला असता तर बरे झाले असते. पण तुझा पाय आमच्या उंबऱ्याला लागणार नाही, असे तूच सांगून ठेवले आहेस.

थोरला

११ डिसेंबर

धाकटीस,

उंबऱ्याला लागला नाही, कुंपणाला लागला. मंगळवारी दुपारी मी बाजारात गेलो असताना तू टेकडीच्या बाजूने येऊन माझ्या कुरणात डोकावलीस. शेजारच्या सुताराने पाहिले. तो म्हणाला, "तुमची बहीण अर्धा तास तारेला धरून उभी होती. मी म्हटलं, आत या, चहा घ्या. तर म्हणाली, मी आलेच नाही असं समजा." चोर निदान लपून तरी येतो.

आणि काल तुझी पेन्सिल: "हळदी ढिगापासून वीस पावलं लांब उभी होती. हेडमास्तर दोन ढीग खात होता. तिला इकडे पाठव."

क्रमाने उत्तर देतो. एक, घोडे खाता खाता थांबतात. हळदी स्वभावतः शांत आहे आणि तिला एकटे उभे राहणे आवडते. दोन, हेडमास्तर तिच्या ढिगाजवळ होता याचा अर्थ तिचे खाऊन झाले होते आणि तो उरलेले टिपत होता. तीन, अर्ध्या तासाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणारा विद्यार्थी माझ्या वर्गात नापास झाला असता. माझ्याकडे पाच आठवड्यांची नोंद आहे. परवाचा हळदीचा आकडा चारशे तेरा. कोणती घोडी उपाशी राहून वजनात वाढते ते मला सांग; मी त्यावर निबंध लिहीन.

"तिला इकडे पाठव." हे वाक्य मात्र मी नीट ओळखतो. दोन वर्षे तुझ्या प्रत्येक वाक्याच्या तळाशी तेच एक वाक्य आहे. चिठ्ठी तुला सोसली नाही, म्हणून आता घोडीची काळजी पुढे करतेस.

एक गोष्ट तुला आधी कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून कळवतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी लेखी अर्ज दिला आहे. नदीकाठच्या कुरणात चार घोडे तोलमापाशिवाय ठेवले आहेत, त्यांची तपासणी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. जनावरांची हेळसांड आढळली तर ती ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांना आहे. मी तुझे नाव आदराने घातले आहे.

थोरला

२० डिसेंबर

तपासणी परवा झाली, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्याकडे काय झाले ते मला ठाऊक नव्हते, आता आहे. माझ्याकडे काय झाले ते गवतवाल्याच्या तोंडून, तिखटमीठ लावलेले तुला कळण्यापेक्षा माझ्या अक्षरात कळलेले बरे.

प्रथम माझी हरकत नोंदवतो. अर्ज तुझ्या घोड्यांबाबत होता. डॉक्टरीणबाईंनी तुझ्याकडून थेट माझ्याकडे येण्याला कोणताही लेखी आधार नव्हता. मी तसे त्यांना फाटकातच म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने तोंडी अर्ज दिलाय. म्हणाल्या, माझे चार बघून झाले असतील तर त्याची एक बघून या."

"तिचे कसे आहेत?"

"उत्तम. एकाचं पोट थोडं सुटलंय, एवढंच. तुमची म्हातारी घोडी कुठंय?"

मी त्यांना आधी आलेख दाखवला. त्यांनी तो पाहिला. खरे सांगायचे तर त्यांनी तो फार लक्ष देऊन पाहिला आणि म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे तुमचं." मग हळदीकडे गेल्या. माझीच फीत मागून घेतली, तिच्या अंगाभोवती टाकली आणि आवळली. हळदीने कान मागे पाडले. केसांत फीत रुतत गेली, रुतत गेली आणि थांबली तेव्हा आकडा होता तीनशे ऐंशी.

मी म्हणालो, "तुम्ही फार ओढलीत."

"मी त्वचेपर्यंत नेली. तुम्ही केसांवर टेकवत होतात."

"पण दर वेळी तशीच टेकवत होतो. पद्धत बदलली नाही, म्हणजे तुलना बरोबर आहे."

"पद्धत बदलली नाही हो. केस बदलले."

यापुढचे मी तुला समजावून सांगतो, कारण त्या बाईंनी ते दोन वाक्यांत उरकले आणि ते त्याहून पुष्कळ अधिक विचार करण्याजोगे आहे. घोड्याचे अंग फितीच्या जागी साधारण वर्तुळ आहे असे धर. वर्तुळावर सगळीकडून एक सेंटिमीटर जाडीचा थर चढला, तर घेर एका सेंटिमीटरने वाढत नाही, सव्वासहाने वाढतो. या मापाच्या घोड्याच्या घेरात एक सेंटिमीटर म्हणजे साधारण पाच किलो. म्हणजे थंडीने हळदीच्या केसांचा थर बोटाच्या पेराच्या निम्म्याने जाड केला, तेवढ्यात माझ्या कागदावर तीस किलो चढले. आणि तिच्या हाडांवरून तीस किलो उतरत होते. दोन्ही एकमेकांना बरोबर झाकत होते. रेघ सरळ राहिली. आठवड्यामागून आठवडा मी केसांचा आलेख काढत होतो.

भटक्या कुत्र्याचे कोडे मी तुला घातले होते. त्याबद्दल तू काही लिहू नयेस अशी अपेक्षा आहे.

डॉक्टरीणबाईंनी पुढे विचारले, "ढीग किती करता?" मी तीन म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग तिसरीला कुठं जायला जागा आहे?" मला प्रश्न कळला नाही. त्यांनी मला कुंपणाबाहेर उभे केले आणि संध्याकाळचे गवत घालायला लावले. हेडमास्तरने आपला ढीग सोडून टोपीला हुसकले. टोपीने हळदीला हुसकले. हळदी मोकळ्या झालेल्या पहिल्या ढिगाकडे वळली, तेवढ्यात हेडमास्तर परतला आणि दोन्ही ढीग अडवून उभा राहिला. ती वीस पावले लांब जाऊन उभी राहिली. मी पावले मोजली.

"एक ढीग जास्त असला," त्या म्हणाल्या, "की हुसकलेल्याला कायम एक रिकामी जागा मिळते. नदीवरच्या बाईंकडे चाराला पाच असतात."

आठ किलो मी तोलून देत होतो, हे खरे आहे. ते कोणाच्या पोटात जाते हे ताजवा सांगत नाही.

या पत्राच्या पाठीवर काही लिहिले नाहीस तरी चालेल.

२४ डिसेंबर

धाकटीस,

तू लिहिलेच आहेस. "पाठव." एकच शब्द. जिंकलेल्या माणसाला एवढी काटकसर शोभत नाही.

मी पाठवणार नव्हतो. माझी चूक सिद्ध झाली याचा अर्थ तुझी मागणी सिद्ध झाली असा होत नाही. ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. म्हणून मी आधी चार ढीग करून पाहिले, एकमेकांपासून पंचवीस पावलांवर. हळदीला ढीग मिळाला. तिने तोंड घातले, चावले, आणि अर्धवट चावलेला गोळा खाली टाकला. असे अकरा गोळे मी एका सकाळी वेचले. डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला. त्यांनी येऊन तिचे तोंड उघडून मला दाखवले. मागच्या दाढा झिजून सपाट झाल्या आहेत. त्यांना गवताचा धागा तुटत नाही. बारीक कापलेला, पाण्यात भिजवलेला चारा द्यायचा, दिवसातून चार वेळा, आणि तिच्या वाट्यात दुसऱ्या कोणी तोंड घालता कामा नये.

मग मी तिला वेगळी ठेवली. गोठ्याची बाजू मोकळी केली, जाड बिछायत घातली, चारा हाताने कापला. हे सगळे व्यवस्थित झाले. ती दाराच्या फळीशी उभी राहून बाहेरच्या दोघांकडे पाहत राहिली आणि खिंकाळत राहिली. घमेल्याला तोंड लावले नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी बाहेर काढले की हेडमास्तर. आत ठेवले की उपास.

डॉक्टरीणबाई काल फाटकावर थांबून म्हणाल्या, "मास्तर, जानेवारीतला गारठा अजून यायचाय. या अंगावर ती तो काढणार नाही. तिला खाऊ देणारी सोबत हवी. कुठं मिळेल ते तुम्हाला माहीत आहे, मी कशाला सांगू."

सुतार तिथेच होता. तो म्हणाला, "बहिणीचं घर नदीपलीकडंच तर आहे." सगळ्या गावाला माझ्या घोडीबद्दल मत आहे.

मी अजून काही ठरवलेले नाही.

थोरला

२६ डिसेंबर

धाकटीस,

हे पत्र घेऊन येणाऱ्या गवतवाल्याच्या गाडीमागे हळदी आहे. त्याला गाडी सावकाश चालवायला सांगितले आहे. तो म्हणाला, "माझी गाडी सावकाशच चालते, मास्तर. तीच तर तक्रार असते लोकांची." तरीही दमलेली असेल. आल्या आल्या कोमट पाणी दे, चारा नंतर.

तिच्या पाठीवर जी घोंगडी आहे ती परत पाठव. घोंगडीने केस दबतात, मधली हवा निघून जाते, आणि स्वतःची ऊब स्वतः धरण्याची तिची योजना बिघडते. ही मी फक्त प्रवासातल्या वाऱ्यासाठी घातली आहे. तू ती मायेपोटी अंगावर तशीच ठेवशील, म्हणून बजावतो.

गैरसमज नसावा. मी हळदी तुला दिलेली नाही. चिठ्ठी माझी होती आणि आजही माझी आहे. तुझ्याशी माझे जे वाकडे आहे ते आहे तसेच आहे. तू बाबांच्या आजारपणात मला चार दिवस उशिरा कळवलेस, ते मी विसरलो नाही. मी वाटणीत हट्ट धरला, ते तूही विसरू नकोस. त्याला आधार होता, पण हट्टही होता. वसंतात ती चालण्याजोगी झाली की आपण पुन्हा भांडू. तोवर तिचे चार वेळचे खाणे तुझ्याकडे आहे. आणि तिच्यासाठी सहावा ढीग कर, पाचांवर थांबू नकोस. पाच घोड्यांना सहा. हे मी तुला सांगतो आहे याची मला जाणीव आहे.

फीत मागत नाही. फाटकालाच राहू दे. डॉक्टरीणबाईंनी जाताना मला एक चाचणी शिकवली, तिला फीत लागत नाही, ताजवा लागत नाही, कागद लागत नाही. तू म्हणशील, ही मला दहाव्या वर्षापासून येते, बाबांनी शिकवली होती आणि तू तेव्हा पुस्तक वाचत बसला होतास. असेल. तरी वाच, कारण मी ती तुझ्यापेक्षा चांगली समजावून सांगू शकतो, आणि दर रविवारी तिचे उत्तर मला हवे आहे. पत्राच्या पाठीवर चालेल. पेन्सिलीने चालेल.

डाव्या हाताची मूठ घट्ट वळ. उजव्या हाताची बोटे तिच्या उंच पेरांवरून आडवी फिरव. हाड, खळगा, हाड, खळगा. आता तोच डावा हात उघड, बोटे सरळ कर आणि मनगटाजवळ, हाताच्या पाठीवरून बोटे फिरव. हाडे आहेत, हे कळते, पण ती टोचत नाहीत. शेवटी हात उलटा कर आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दाब. हाड शोधावे लागते. हे तीन स्पर्श लक्षात ठेव आणि मग घोड्याच्या बरगड्यांवर केसांतून आत, त्वचेपर्यंत बोटे दाबून तशीच आडवी फिरव. मूठ लागली तर घोडा उपाशी आहे, मग तो दिसायला कितीही गुबगुबीत असो. हाताची पाठ लागली तर ठीक आहे. तळहात लागला तर जास्त झाले.

आज सकाळी गाडीला बांधण्यापूर्वी मी हळदीच्या दोन्ही बाजूंना ही चाचणी केली. डावीकडे मूठ. उजवीकडेही मूठ. ती आल्यावर तूही कर, आणि काय लागले ते लिही.